घड्याळ रोज मागं पडतंय? आधी सेल बघा

चादरीच्या दुकानातल्या बिलिंग पीसीची वेळ रोज सकाळी चुकते, काय करू, असं एकानं विचारलंय, त्यावर दुसऱ्यानं विंडोज परत टाकायला सांगितलंय, पण थांबा हो, एवढं करायची गरज नाही. रात्री बोर्डावरचा स्विच बंद केला आणि सकाळी तारीख पार जुन्या सालात गेली असंल तर मदरबोर्डवरचा (पीसीच्या आतली मुख्य सर्किटची पाटी) सेल संपलाय, सीआर २०३२ म्हणतात त्याला, ३ व्होल्टचा, नवी पेठेत घड्याळवाल्याकडं विचारा. करंट बंद असला की आतलं घड्याळ त्या सेलवरच चालतं, आणि आपल्या सोलापुरात लाईटचं तर माहितीय तुम्हाला. बदलताना पॉवरची वायर काढा, नंतर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी पीसीची मूळ सेटिंग) तारीख टाका आणि बूट सेटिंग, म्हणजे पीसी कुठल्या डिस्कवरनं चालू व्हायचा ते पण बघा, ती डिफॉल्टला जाऊ शकते.

पण फरक बरोबर साडेपाच तासांचा असंल तर सेलला हात लावू नका! एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम) असलं की असं होतं, लिनक्स आतल्या घड्याळात यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेली जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच आपली इथली वेळ समजतं. दोन्हीपैकी एकाची सेटिंग बदला.

आणि हे लांबणीवर टाकू नका प्लीज, तारीख चुकली की बँकेच्या साईटपण सर्टिफिकेटचा (साईट खरी असल्याचा मुदतीचा दाखला) एरर देतात, आणि बिलावर चुकीची तारीख छापली गेली तर जीएसटीला डोक्याला ताप.