जुन्या सागवानी कपाटातला विडीचा वास कसा घालवावा?

घोडबंदरवासी:
चरईतलं घर रिकामं करताना सासऱ्यांच्या काकांचं सागवानी कपाट आमच्याकडे आलं. काका त्याच खोलीत बसून आयुष्यभर विड्या ओढायचे. बाहेरून कपाट झकास, पण दार उघडलं की भपकारा! पावसाळा लागल्यापासून तर साड्यांनाही वास येतोय. कापूर, डांबरगोळ्या ठेवून झाल्या, आता तिन्ही वास एकत्र येतात. सुताराला द्यायचं की घरी काही होईल? जाणकारांनी सांगा.

नेरूळकर:
उन्हात ठेवा. विषय संपला.

सागप्रेमी:
नेरूळकर, श्रावणात ठाण्यात ऊन कुठून आणायचं? आणि असलं तरी कडक उन्हात जुनं लाकूड तडकतं, विनिअर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) असेल तर सुटतं.

ताई, वास हवेत नाही, लाकडावर बसलेल्या चिकट थरात आहे. बाहेर पॉलिश असतं, आत मात्र बहुतेक कपाटं कोरीच ठेवतात, म्हणून धूर आत मुरतो. दमट हवेत तोच वास जास्त सुटतो. आधी भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी घ्या, फडका घट्ट पिळून आतून पुसा. फडक्यावर पिवळट तपकिरी उतरेल, ते उतरायचं थांबेपर्यंत पुसत राहा. मग निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी. खणांचे तळ आणि कपाटाची पाठ हमखास राहून जाते. बाहेरचं जुनं स्पिरिट पॉलिश पाण्याने पांढरं पडतं, तिथे ओला फडका नको. पुसून झालं की दारं उघडी टाकून पंखा लावा.

वाशीची सुगरण:
आम्ही खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लावतो.

सागप्रेमी:
फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारतात, हाती उरतं खारट पाणी. सोडा कोरडाच वाटीत ठेवा. आणि व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही घालू नका, क्लोरीन वायू सुटतो.

ऐरोली_७०८:
गाड्या साफ करणारे वास घालवायला ओझोन मशीन लावतात, ते कसं?

सागप्रेमी:
ओझोन फुप्फुसांना वाईट. शिवाय थर तसाच राहतो, मग वास परत. मी तरी पैसे घालणार नाही.

रंधा:
आमचा घरचा धंदा सुतारकीचा. पुसूनही वास राहिला तर आतून पॉलिश पेपर मारा (नाकाला मास्क हवा) आणि चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून दोन-तीन पातळ हात द्या. लाखेखाली वास कोंडला जातो. पण हे आत्ता नको, दमट हवेत लाख पांढुरकी पडते. ऑक्टोबरची कोरडी हवा येऊ द्या. कोणी मेलामाइन (एक रासायनिक पॉलिश) आतून मारायला सांगतील, ऐकू नका, बंद कपाटात त्याचाच वास रेंगाळतो. आणि काम चालू असताना त्या खोलीत देवघरातला दिवासुद्धा नको, स्पिरिट भडकतं.

घोडबंदरवासी:
सगळ्यांचे आभार. या रविवारी पुसायला घेते, लाखेचं दसऱ्यानंतर बघू. एक राहिलं, पाठीला सागवान नाही, प्लाय आहे, आणि नाक लावलं तर सगळ्यात जास्त तिथेच येतो.

रंधा:
मग ती पाठ पुसत बसू नका, प्लाय पाण्याने फुगतो. काढून नवीन ठोका. फक्त जुने खिळे उपटताना सागवानाच्या कडा सांभाळा.

नेरूळकर:
आणि जुना प्लाय उन्हात ठेवा 😄