मदत हवी आहे : 'नाशिक'ची सहाही अक्षरं असलेले इंग्रजी शब्द कसे शोधायचे?

नमस्कार मंडळी,

पंचवटीत दर शनिवारी दुपारी मी सातवीच्या मुलांचा इंग्रजीचा वर्ग घेते. फी नाही. बारा-चौदा मुलं येतात, सगळी मराठी माध्यमाची. कुणाची आई गंगेवर (इथे गोदावरीलाच गंगा म्हणतात) फुलं विकते, कुणाचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही इंग्रजी अक्षरं लिहून चौकोनी तुकडे कापले आहेत. मोजणी स्क्रॅबलचीच ठेवली : एकूण 100 तुकडे, त्यात ई 12, ए 9, एच 2, के फक्त 1 आणि कोरे 2.

मागच्या शनिवारी फळ्यावर आपल्या गावाचं स्पेलिंग लिहिलं : एन, ए, एस, एच, आय, के. यातून शब्द बनवा म्हटलं. आस्क, अ‍ॅश, स्किन, सिंक, शिन असे भराभर आले. मग एका मुलाने उलटाच प्रश्न विचारला. "टीचर, ज्याच्या पोटात अख्खं नाशिक मावेल असा शब्द आहे का?" म्हणजे सहाही अक्षरं हवीत, क्रम कसाही चालेल, वर आणखी अक्षरं असली तरी चालतील. मला एकही सुचेना. तसं मी त्याला सांगितलं, आणि सगळे मिळून शोधायला बसलो.

वीसेक मिनिटांनी मागच्या सतरंजीवरची एक मुलगी उठली. एरवी ती इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नाही. तळहातावर तुकडे मांडून आणले होते, पडू नयेत म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा धरलेला. शेकिंग! एस, एच, ए, के, आय, एन, जी. आधी तिने शेक लावला होता, मग शेवटचा ई काढून आयएनजी जोडलं. सहा अक्षरं नाशिकची आणि वर एकच जी. त्या पोरीचा चेहरा मला अजून दिसतो आहे, म्हणूनच हा धागा काढते आहे.

घरी आल्यावर रात्री मला हँकीज सुचला (हातरुमालाचं लाडकं रूप, अनेकवचनी). त्यानंतर गाडी अडली ती अडलीच.

शब्दकोशाचा उपयोग होत नाही, कारण तो पहिल्या अक्षराने लावलेला असतो आणि मला हवी आहेत पोटातली अक्षरं. अक्षरं टाकली की शब्द देणाऱ्या साइट आहेत, पण त्यांनी मला असे शब्द दिले की त्यांचे अर्थ मलाच पाहावे लागले. मुलांना ते देऊन काय करू? शिवाय वर्गाच्या जागी नेट मिळत नाही. मग लॅपटॉपवर एक्सेलमध्ये शब्दांची यादी घेतली. नुसतं नाशिक शोधलं तर ही अक्षरं सलग त्याच क्रमाने लागतात. मध्ये स्टार (*, म्हणजे 'इथे काहीही चालेल' ही खूण) टाकले तर क्रम तोच राहतो, त्यामुळे शेकिंगसुद्धा सापडत नाही. फिल्टरमध्ये 'हे अक्षर असलेले' अशा अटी लावायला गेले, तर दोनच अटी घेतो. मला सहा हव्यात.

एक गंमतही कळली. एका मुलाच्या आजोबांच्या जुन्या कागदावर गावाचं स्पेलिंग एच नसलेलं आहे, पूर्वी तसंच लिहायचे. ती पाच अक्षरं घेतली तर आस्किंग, स्पीकिंग, नॅपकिन्स असे शब्द लगेच येतात. एच आला की वाट अरुंद होते.

तर एक, एक्सेलमध्ये सहा अटी कशा लावू? दोन, नेहमीच्या वापरातल्याच शब्दांची यादी कुठे मिळेल? आणि तिसरं, माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं : मुलांना तुकडे हातात धरूनच शोधता येईल अशी काही रीत आहे का? पुढच्या शनिवारी 'तपोवन' घ्यायचं आहे.

प्रतिसाद 1

मॅडम, फिल्टर सोडून द्या. पहिल्या रकान्यात शब्द ठेवा आणि शेजारी सहा रकाने घ्या, एकेका अक्षराला एकेक. प्रत्येकात काउंटइफ हे सूत्र लावा : त्या ओळीतला शब्द आणि अक्षराच्या दोन्ही बाजूंना स्टार. अक्षर असेल तर 1 येईल, नसेल तर 0. आठव्या रकान्यात बेरीज. जिथे 6 येतील तो तुमचा शब्द. तपोवनच्या स्पेलिंगमध्ये ए दोनदा आहे, तिथे स्टार-ए-स्टार-ए-स्टार लिहा, म्हणजे एकच ए असलेले शब्द गळतील.

यादीसाठी स्काउल नावाची मोफत यादी नेटवर आहे, घरून उतरवून घ्या. तिच्यात शब्द किती प्रचलित आहेत त्यानुसार 10, 20, 35 पासून 95 पर्यंत टप्पे केलेले आहेत. मुलांसाठी 35 पर्यंतचे टप्पे घ्या, विचित्र शब्द आपोआप बाहेर राहतील. स्पेलचेकरची फाइल मात्र घेऊ नका. तिच्यात बऱ्याचदा मूळ शब्दच असतात आणि रूपं खुणांनी दाखवलेली असतात, त्यामुळे शेक मिळेल, शेकिंग मिळणार नाही.

प्रतिसाद 2

ताई, मी छापखान्यात कंपोझिटर होतो. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात आयुष्य गेलं, तेव्हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. इंग्रजी खिळ्यांच्या केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, ई-चा खण सगळ्यात मोठा असतो, के-चा लहान. त्यामुळे शोध के-पासून सुरू करायचा, ए-पासून नाही. दुर्मीळ अक्षर आधी हातात घेतलं की निम्मं काम तिथेच होतं.

दुसरं म्हणजे शेपूट बघा. त्या मुलीने तेच केलं. आयएनजी लावलं की आय आणि एन दोन्ही भागतात, उरतात एस, एच, ए, के. तिथे शेक समोरच उभा आहे. आता आयएसएच लावून बघा. आय, एस, एच तिन्ही भागले, उरले एन, ए, के. नेव्ह (स्पेलिंगच्या सुरुवातीला के आहे, पण तो उच्चारत नाहीत) म्हणजे लबाड माणूस, त्याचा नेव्हिश. प्रँक म्हणजे खोडी, त्याचा प्रँकिश. श्रिंकमध्ये पाच अक्षरं आहेत, फक्त ए नाही, म्हणून एजीई जोडा : श्रिंकेज. थँक्समध्येही पाच आहेत, आय तेवढा कमी. तो गिव्हिंग आणून देतो : थँक्सगिव्हिंग. मुलांना तयार शब्द देऊ नका, शेपटांचे तुकडे वेगळ्या रंगाने करून द्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काउंटइफ चाललं, लॅपटॉप जुना असल्याने जरा दमला, पण चाललं. तो मी घरीच ठेवला.

काका, तुमची शेपटं मात्र वर्गात नेली, लाल शाईने लिहून. तपोवनला मुलांनी आधी व्ही हातात घेतला. मग एटीआयओएन हे शेपूट लावलं, त्यात ए, टी, ओ, एन भागले. उरले व्ही, पी आणि आणखी एक ए. बराच वेळ सगळे तुकडे सरकवत होते. मग नाशिकचा प्रश्न विचारणारा तोच मुलगा म्हणाला, "टीचर, विज्ञानात बाष्पीभवनाला इंग्रजीत काय म्हणतात?" मी काहीच बोलले नाही. त्याने दप्तरातून पुस्तक काढलं, पान शोधलं आणि स्पेलिंगवर बोट ठेवत एकेक तुकडा मांडला. इव्हॅपोरेशन. टी, ए, पी, ओ, व्ही, ए, एन, सगळी त्यात आहेत.

आता त्यांना पंचवटी हवी आहे. तिच्या स्पेलिंगमध्ये ए तीनदा येतो आणि वर सी, एच, व्ही. अजून काही हाती लागलेलं नाही. कुणाला सुचलं तर कृपया शब्द इथे लिहू नका, फक्त शेपूट सांगा.