परचेसमधून पीआर (खरेदीची मागणी) लवकर कसा पास करून घ्यायचा?

मेंटेनन्सवाला_चाकण:
नमस्कार मंडळी, ऑटो पार्ट्सच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे. बेअरिंग, सील असलंच सामान लागतं, रक्कम काही मोठी नसते, पण पीआर टाकला की तो परचेसला जाऊन पडून राहतो, मग तीन कोटेशन आणा, मग साहेब रजेवर, आणि इकडे लाइन थांबली की प्रॉडक्शनवाले माझ्या डोक्यावर. एवढं करून माल येतो तो पण भलताच. तुम्ही कसं जमवता?

खरेदी_विभाग:
मी परचेसलाच आहे म्हणून सांगतो. आमच्याकडे येतं काय तर ‘बेअरिंग ६२०५, अर्जंट’. त्यावरून २५ मिमी बोअर (आतलं भोक), ५२ बाहेरचा व्यास, १५ रुंदी एवढंच कळतं. सी-थ्री क्लिअरन्स (आतली नेहमीपेक्षा जास्त ढील) हवा का, पत्र्याचं शील्ड की रबर सील, मेक (कंपनी) कुठला चालेल, हे तुम्हीच लिहायचं ना भाऊ? नाही लिहिलं तर ज्याचा रेट कमी त्यालाच ऑर्डर जाणार, ऑडिटला आम्हाला उत्तर द्यावं लागतं. गरम चालणाऱ्या मोटरला साध्या क्लिअरन्सचं बसवलं तर ते टिकेल कसं? ठराविक मेकच हवा असेल तर कारण लेखी द्या, लाइन बंद राहिली तर तासाला किती नुकसान तो आकडा टाका आणि एचओडीची (विभागप्रमुखाची) सही घ्या, फोनवर सांगितलेलं फाइलला लागत नाही. आणि प्रत्येक पीआरवर अर्जंट लिहू नका हो, खरं अर्जंट कुठलं तेच कळेनासं होतं.

जुना_स्टोअरवाला:
कंपनीत एसएपी सॉफ्टवेअर असेल तर पीआर बघायच्या एमई५३एन स्क्रीनमध्ये रिलीज स्ट्रॅटेजीचा (मंजुरीच्या टप्प्यांचा) टॅब बघा, कोणाकडे अडकलंय ते दिसतं, थेट त्यांच्याच टेबलाशी जा. नेहमी लागणाऱ्या आयटमचं वर्षाचं रेट कॉन्ट्रॅक्ट करून घ्या, दर वेळी कोटेशनची भानगडच नको. मंजुरीच्या लिमिटमध्ये बसवायला पीआर तोडून मात्र टाकू नका, ऑडिटमध्ये हमखास पकडतात.

भोसरी_वर्कशॉप:
सप्लायरच्या बाजूने बोलतो. पार्टी नवीन असेल तर आधी व्हेंडर कोड काढून द्या, जीएसटी, पॅन, कॅन्सल चेक, उद्यम (लघुउद्योग नोंदणी) सर्टिफिकेट आम्ही लगेच देतो. पण ‘माल पाठव, पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) मागून येईल’ असं कृपा करून सांगू नका, चलन पीओच्या आधीच्या तारखेचं निघालं की अकाउंट्स बिल अडवतं आणि आमच्यासारख्या छोट्या माणसाचे पैसे अडकतात. एमएसएमई कायद्याने आमच्यासारख्या नोंदणीकृत लघुउद्योगाला, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पेमेंट द्यायचं असतं, तेवढं तुमच्या परचेसला सांगा.