मदत हवी आहे : २००५-०६ च्या राष्ट्रीय फुटबॉल लीगची कात्रणं

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे, गावभागातले. २०१९ च्या पुरात कृष्णामाई घरात शिरली. भांडीकुंडी धुऊन घेतली, पण बाबांची कात्रणांची वही खालच्या फडताळात राहिली.

त्या वहीत महिंद्रा युनायटेडचा, म्हणजे महिंद्रा कंपनीच्या मुंबईतल्या फुटबॉल संघाचा, अख्खा हंगाम होता. १९९६ ला लीग सुरू झाल्यापासून विजेतेपद कधी पंजाबात, कधी कोलकात्याला, कधी गोव्याला. २००५-०६ ला ते पहिल्यांदा मुंबईत आलं. प्रशिक्षक डेरिक परेरा. बाबा प्रत्येक सामन्याचा निकाल शाईच्या पेनानं समासात लिहायचे, हरलेल्या सामन्याखाली नुसती आडवी रेघ. (आमच्याकडे सगळे क्रिकेटवाले, त्यामुळे त्यांची चेष्टाच व्हायची.) २०१० मध्ये कंपनीनं संघच बंद केला, तेव्हा दोन दिवस नीट जेवले नव्हते.

आता पानं एकमेकांना चिकटलीत, शाई जांभळी होऊन पसरलीय. उलगडायला गेलो तर कागद सालपटासारखा निघतो.

दोन गोष्टी हव्यात. त्या हंगामातल्या मराठी पेपरांच्या क्रीडापानांचे फोटो कुणाकडे आहेत का? सामनेवार निकाल असतील तर फारच उत्तम. नुसता अंतिम गुणतक्ता नकोय. आणि अशी चिकटलेली पानं सोडवून देणारं सांगली, मिरज किंवा कोल्हापुरात कुणी माहीत आहे का? वाफेवर धरा असं एकानं सांगितलंय, पण हिंमत होत नाही.

दिवाळीत बाबा पंचाहत्तरीचे होतील, तोवर नवी वही तयार करायचीय.