दुपारी सोलर इन्व्हर्टर ट्रिप होतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाड्याकडे घर आहे, गच्चीवर ३ किलोवॅटचं ऑनग्रिड (विजेच्या लाइनला जोडलेलं) सोलर, सिंगल फेज. ऐन उन्हात, साधारण बारा ते दोनमध्ये इन्व्हर्टर "ग्रिड ओव्हरव्होल्टेज" दाखवून बंद पडतो, थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो, परत बंद. स्क्रीनवर व्होल्टेज २५५ च्या वर दिसतं. २३० च्या ११० टक्के म्हणजे २५३, त्यापुढे त्याने लाइनपासून सुटायलाच हवं, हे मान्य. प्रश्न व्होल्टेज तिथवर का चढतं हा आहे.

डीपीपासून (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरपासून) आमचं घर लाइनच्या टोकाला. गल्लीत बहुतेक गच्च्यांवर पॅनल आलेत, दुपारी घरं रिकामी, म्हणजे सगळी वीज उलटी डीपीकडे जाते आणि तारेच्या रोधामुळे टोकाला व्होल्टेज वाढतं. मे महिन्यात गल्लीभर कूलर घुरघुरत असतात तेव्हा हा त्रास जवळपास नसतो. आपल्या नागपुरात कूलरच ग्रिड सांभाळतात म्हणा ना!

लाइनमन म्हणतो डीपीचा टॅप खाली घेऊ, म्हणजे तिथून निघणारं व्होल्टेजच कमी करू. पण तो टॅप दिवसातून दोनदा कोण बदलणार? संध्याकाळी टोकाला आधीच दिवे मंद होतात. इन्स्टॉलर इन्व्हर्टरमधली रिअॅक्टिव्ह पॉवरची (प्रत्यक्ष काम न करणाऱ्या, पण व्होल्टेज वर-खाली करू शकणाऱ्या विजेची) सेटिंग बदलू म्हणतो. घरांना येणाऱ्या लो टेन्शन लाइनमध्ये रोधच जास्त असतो, त्यामुळे फार फरक पडेल असं मला वाटत नाही. ट्रिपची मर्यादा वाढवायची नाही, जास्त व्होल्टेज सोसणारे टीव्ही-फ्रिज आमचेच आहेत.

इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल जाड केल्याने कुणाला फायदा झालाय का? घराची जोडणी लाइनच्या दुसऱ्या फेजवर बदलून घेतली असेल तर अर्ज नेमका कसा लिहिला?