‘थर्टीन’ला सत्तरीत बसवणाऱ्यांनी नेमकं काय खेळलं होतं?

खारेदाणे
जुनी हार्डडिस्क साफ करायला घेतली, त्यात ‘थर्टीन’ सापडला आणि शनिवार-रविवार दोन्ही गेले. माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात: युबिसॉफ्टच्या पॅरिस स्टुडिओने नोव्हेंबर २००३ मध्ये काढलेला फर्स्ट पर्सन शूटर, म्हणजे नायकाच्या डोळ्यांनी बघत गोळीबार करायचा व्हिडिओ गेम. मूळ कॉमिक बेल्जियमचं, फ्रेंच भाषेतलं, १९८४ पासूनचं. लेखन जाँ व्हान हाम, चित्रं विल्यम व्हान्स. नायक समुद्रकिनारी शुद्धीवर येतो. मागचं काही आठवत नाही, गळ्याच्या हाडाजवळ रोमन आकड्यांत तेरा गोंदलेलं, आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा खून याच्या नावावर.

तेव्हाच्या समीक्षकांनी याला शंभरात सत्तरीच्या आसपास गुण दिले. बहुतेकांचा सूर एकच: दिसायला झकास, गोळीबार सामान्य. मला ही फोडच मान्य नाही. भिंतीपलीकडून पहारेकरी चालत येतो तेव्हा पडद्यावर ‘टॅप टॅप टॅप’ अशी अक्षरं सरकतात. ती बघून मी थांबायचं की पुढे व्हायचं ते ठरवतो. मग ती अक्षरं सजावट झाली की खेळ झाला? नेमका डोक्यात बाण बसला की वर तीन चौकटी उघडतात आणि गडी कसा पडला ते टप्प्याटप्प्याने दिसतं. नेम बरोबर लागला हे सांगण्याची याहून चांगली तऱ्हा मला आजही दुसरीकडे दिसलेली नाही. कॉमिकची भाषा खेळाच्या नियमांत उतरवली होती, आणि परीक्षणांत तिची नोंद झाली ‘ग्राफिक्स’च्या रकान्यात.

नाईटशिफ्ट
खारेदाणे, दोन दिवसांत तुम्ही चोरपावलांचे टप्पे खेळलात की गाळलेत? एका शिपायाने पाहिलं, भोंगा वाजला, खेळ खलास. परत मागच्या चेकपॉइंटपासून सुरू. मधे हवं तिथे सेव्ह करायची सोय नाही. मी एकच बोळ अकरा वेळा पार केला आहे, आणि अकराही वेळा ती ‘टॅप टॅप’ अक्षरं मला व्यवस्थित दिसत होती! दिसून उपयोग काय? शत्रू कधी भिंतीकडे तोंड करून उभा, तर कधी समोर येऊन गोळ्या खातो. त्याच हंगामात ‘कॉल ऑफ ड्यूटी’चा पहिला भाग आणि ‘मॅक्स पेन २’ आले होते. त्या शेजाऱ्यांसमोर याची बंदूक खेळण्यातली वाटायची.

सत्तर हा अपमान नाही हो. आमच्या वेळी बोर्डात सत्तर पडले की पेढे वाटायचे.

उंबरठा
@नाईटशिफ्ट, बोर्डातले सत्तर आणि गेमच्या परीक्षणातले सत्तर यांत फरक आहे. त्या जगात सत्तर म्हणजे ‘स्वस्त झाला की घ्या’. आणि लोकांनी तेच केलं. युबिसॉफ्टने त्याच दिवाळी-नाताळात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आणि ‘बियॉन्ड गुड अँड ईव्हिल’सुद्धा बाजारात उतरवले होते. एकाच घरातल्या तीन पोरी एकाच मांडवात उभ्या केल्यावर आणखी काय व्हायचं!

तळघर
मी कॉमिकच्या बाजूचा माणूस, गेम नंतर खेळलो. दोन्ही बाजूंना एक-एक टोला.

खारेदाणे, तुम्ही ज्याला ‘कॉमिकची भाषा’ म्हणताय ती या कॉमिकची नाही. व्हान्सची रेष शांत, वास्तववादी. गाड्या, गणवेश, इमारती यांचा तपशील इतका की फोटो समोर ठेवून काढल्यासारखं वाटावं. हे ‘बूऽऽम’, ‘टॅप टॅप’चं अक्षरकाम गेमने एकूण कॉमिक या प्रकारातून उचललं आणि भडक केलं. लहानपणी इंद्रजालमधला वेताळ ठोसा मारायचा तेव्हाची आठवण होते, व्हान्सची नाही. म्हणजे गेम ‘कॉमिकसारखा’ आहे, पण ‘थर्टीन’सारखा कमी. समीक्षकांना हे कळायला मूळ वाचायला हवं होतं.

नाईटशिफ्ट, तुम्ही अजून काढला नाहीत, पण कुणीतरी शेवटाबद्दल बोलणारच. ऐन मोक्याच्या क्षणी बोटीवर ‘क्रमशः’ टाकून गेम संपतो, म्हणून तेव्हा बरीच बोंब झाली. पण गेम पहिल्या पाच अंकांवर आहे, आणि पाचव्या अंकात (१९८८) राष्ट्राध्यक्षाच्या खुनाच्या कटाचा सूत्रधार, म्हणजे ‘नंबर एक’, कॉमिकमध्येही सापडत नाही. तो उघडा पडतो आठव्या अंकात, १९९१ साली. उलट गेमने जाता जाता थोडा जास्तच इशारा दिलाय.

नाईटशिफ्ट
हे माहीत नव्हतं. पण वाचकाला वर्षभरात पुढचा अंक हातात मिळत होता. आम्हाला काय मिळालं? पुढचा भाग आलाच नाही. पुरं पैसे घेऊन अर्धी गोष्ट विकली, तर परीक्षकाने गुण का कापू नयेत? पुढचा भाग निघेल की नाही हे बघून त्याने थोडंच लिहायचं असतं?

कडक_चहा
नायकाला अभिनेता डेव्हिड डुकोव्हनीचा आवाज घेतला आणि गड्याने किराणा मालाची यादी वाचल्यासारखे संवाद म्हटले, यावर कुणीच कसं बोलत नाही? गेममधल्या जनरल कॅरिंग्टनच्या आवाजात अभिनेता अ‍ॅडम वेस्ट मात्र मजा आणतो. बाकी चालू द्या.

खारेदाणे
तळघर, व्हान्सच्या रेषेचं मान्य. पटलं. ‘भाषा’ हा शब्द मी सैल वापरला.

पण मूळ मुद्दा सोडत नाही, कारण त्याची परीक्षा २०२० मध्ये होऊन गेली आहे. मायक्रॉइड्स या कंपनीने याच गेमचा नवा अवतार काढला. गोष्ट तीच, आवाज तेच, टप्पेही तेच. बदललं ते रूप: काळ्या कडा आणि सपाट रंग जाऊन प्लास्टिकची बाहुली आली. समीक्षकांनी अक्षरशः धुतला. रूप वरवरचं असतं तर ते गेल्यावर गेम सत्तरीवरून साठीवर यायला हवा होता. तो थेट नापास झाला.

नाईटशिफ्ट
ही परीक्षा कसली! तो नापास झाला कारण तो चालतच नव्हता. मी पैसे मोजून घेतला होता, सांगतो. आवाज मधेच गायब, शत्रू दारात अडकलेले, अ‍ॅनिमेशन तुटक. खुद्द कंपनीने काही दिवसांत जाहीर माफी मागितली आणि कोविडमुळे घरून काम, चाचणीला उशीर अशी कारणं दिली. फुटक्या माठातल्या पाण्याची चव कसली बघता? आधी माठ बघा.

उंबरठा
पण मग माठ बदलला ना. दुरुस्ती टॉवर फाइव्ह या दुसऱ्या स्टुडिओकडे दिली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मोठं अपडेट फुकट आलं. त्यांनी नुसते बग मारले नाहीत, चित्रशैलीही पुन्हा कॉमिकच्या वळणावर नेली. रूप बिनमहत्त्वाचं असतं तर त्यावर कशाला घाम गाळला असता?

नाईटशिफ्ट
गिऱ्हाईक ओरडत होतं म्हणून. गिऱ्हाईक ओरडलं म्हणजे समीक्षेचं प्रमेय सिद्ध झालं असं नाही.

बरं, एक कबूल करतो. बँकेच्या टप्प्यात खुर्ची उचलून पहारेकऱ्याच्या डोक्यात घालायची आणि दुसऱ्याला ढालीसारखं पुढे धरून चालायचं, ते मी दोनदा खेळलो. गरज नसताना.

तळघर
खुर्ची नाही, अ‍ॅशट्रे. खुर्ची एका फटक्यात तुटते.

नाईटशिफ्ट
तुटते तेव्हाच तर अक्षरं उठतात.

खारेदाणे
😀 स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.