तीनशेच्या वरचा ठोका: संगीत की ठणाणा?

रंकाळा_चौपाटी
परवा षड्ज_पंचम काकांनी लिहिलं: "नातवानं चार हजार घालून पांढऱ्या लेबलची स्पीडकोरची प्लेट मागवली. एक बाजू ऐकली. ना सूर, ना लय, मध्येच कुणीतरी रेड्यासारखं घोगरं बोलतं. डॉल्बीपुढं नाचणाऱ्यांची ही कालची थेरं. संगीत नव्हे, ठणाणा." (स्पीडकोर म्हणजे मिनिटाला तीनशेच्या वर ठोक्यांचं इलेक्ट्रॉनिक संगीत.) गप्प बसणार होतो, पण "कालची" वाचून डोकं फिरलं.

काका, १९९० मध्ये फ्रँकफुर्टला मार्क अकार्डिपाने हा निर्माता फुटलेल्या किकवर, म्हणजे बेस ड्रमच्या ठोक्यावर, ट्रॅक बांधत होता. १९९२ ला पॉल एल्स्टाकनं रॉटरडॅम रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी काढली. न्यूयॉर्कात डीजे लेनी डी आधीपासून होताच. रोलँडच्या ९०९ ह्या ड्रम मशीनचा किक घ्यायचा, फाटेपर्यंत चढवायचा आणि त्या फाटण्यातूनच सूर काढायचा. ना सूर म्हणता ते एक वेळ ऐकून घेईन, पण लय नाही? मिनिटाला तीनशे म्हणजे सेकंदाला पाच. चार ठोक्यांची एक मात्रा धरा, पंचाहत्तर होतात. ह्या लयीवर तुम्ही आपल्या कोल्हापूरच्या देवल क्लबात गाणं ऐकताना मान डोलावता की.

षड्ज_पंचम
भागाकार मलाही येतो. अल्लादियाखाँसाहेब ह्याच गावात शाहू महाराजांच्या पदरी होते. त्यांच्या शिष्या केसरबाई, तीन मिनिटांच्या ७८ च्या तबकडीत अख्खा राग उभा करायच्या. १९७७ ला नासाच्या व्हॉयेजर यानावर त्यांची भैरवी गेली. तुमचा किक गेला का?

रंकाळा_चौपाटी
नासानं नेलं नाही म्हणून ते संगीत नाही? मग निम्मी घराणी बाद करा.

लेथवाला_उद्यमनगर
भांडण नंतर करा. काका, प्लेट मिनिटाला ३३ फेऱ्यांवर लावलीत की ४५ वर? लेबलवर काय छापलंय?

षड्ज_पंचम
लेबल कोरं आहे. एक शिक्का आहे, तोही फरफटलेला. मोठी तबकडी म्हणून नातवानं ३३ वर लावली.

लेथवाला_उद्यमनगर
तिथंच माती खाल्ली. बारा इंची असली तरी असली प्लेट बहुतेक ४५ ची असते. दिव्याखाली तिरकी धरा. मोठ्या ठोक्यांचे पट्टे दिसतील, मधनं कडेला जाणारे. मोजून सांगा.

षड्ज_पंचम
आठ. अगदी सरळ आहेत. दिसायला बरी आहे, एवढं म्हणतो.

लेथवाला_उद्यमनगर
सरळ आहेत, वळत न्हाईत, म्हणजे एका फेऱ्याला बरोबर आठ ठोके. ४५ ला ३६० झाले. ३३ ला २६६ आणि वर अपूर्णांक. कॉम्प्युटरवर ट्रॅक बांधणारा अपूर्णांक कशाला ठेवंल? ३६० चीच हाय. तुमचा रेडा म्हणजे पाच अर्धस्वर खाली गेलेलं माणूस.

३३_च_बरी
असेना ४५ ची. मी असल्या प्लेटा मुद्दाम ३३ वर ऐकतो. २६७ ला बेस पोटात बसतो, ४५ वर नुसता टरटराट.

लेथवाला_उद्यमनगर
भावा, तुझं पोट तुझ्याजवळ. ३३ वर कापली तर बाहेरच्या कडेला सुईखालनं सेकंदाला ५१ सेंटीमीटर खाच सरकते, आत लेबलापाशी २१ च. तिथं असला फाटलेला किक सुईला पेलत न्हाई, म्हणून ४५ वर कापतात. खाच रुंद लागते म्हणून बाजूपण दहा-बारा मिनिटांतच संपते. कापणाऱ्यानं एवढा हिशेब केला आणि तू बटण दाबून वाट लावतोस.

बारावी_गल्ली
तुमचं ३३-४५ चालू दे, पण काकांचा डॉल्बीचा मुद्दा कुणी घेतलाच नाही. राजारामपुरीत राहून बघा एकदा. गणपतीत सासूबाईंना घेऊन आम्ही दोन दिवस इचलकरंजीला नणंदेकडं जातो. खिडकीची काच थरथरून तिची पुट्टी गळून पडली. आणि तुम्ही तेच पैसे देऊन घरात आणताय.

रंकाळा_चौपाटी
ताई, माझी प्लेट माझ्या खोलीत, हेडफोनवर. तुमच्या काचेशी माझा काय संबंध?

चार_बेस_चार_टॉप
आला का डॉल्बीवर राग! कर्ज काढून सिस्टम घेतली, धंदा वर्षातनं चार महिने. नियमात रहिवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल. चार माणसं चहाच्या गाड्यावर बोलली तरी ६० होतं. मग चहावाल्याला पण धरा की.

बारावी_गल्ली
चहावाला रात्री एकला माझ्या दारात ट्रॅक्टर लावून उभा राहत नाही. रात्री दहानंतर बंद हाही २००० सालचाच नियम आहे, तो नाही आठवला?

हलगी_शिवाजीपेठ
मला बोलू द्या. आमच्या घरात तीन पिढ्या हलगी. मिरवणुकीच्या आधी कागद पेटवून हलगी शेकायची, कातडं ताणलं की बोटानं टिचकी मारून बघायचं, मग साथीचं घुमकं आणि कैताळ जुळवायचं. गेल्या साली मागं डॉल्बीचा ट्रॅक्टर, पुढं आम्ही. माझीच काडी मला ऐकू येईना. ह्या वर्षी मंडळानं सुपारीच दिली न्हाई. म्हणाले, पुण्याचं ढोल-ताशा पथक सांगितलंय.

चार_बेस_चार_टॉप
मग पुण्याला जाऊन भांड मर्दा, माझ्यावर का?

हलगी_शिवाजीपेठ
तुझ्यामुळं आधी निम्मी कामं गेली म्हणून. आणि त्या चौपाटीवाल्याला सांगतो, मशीननं सेकंदाला पाच मारण्यात कसली मर्दुमकी? माझा बाप दोन काड्यांनी कुस्ती लागली की खासबागेत बसलेल्यांना उठवायचा.

रंकाळा_चौपाटी
मर्दुमकी कोण म्हणालं? ठोके बाराशेवर गेले की सेकंदाला वीस होतात आणि कान ते सुटे ऐकतच नाही, सलग सूर ऐकू येतो. मला त्यात मजा वाटते. हलगीवर मी कधी वाईट बोललो नाही. उलट तुमचं रेकॉर्डिंग मागितलं होतं, तुम्हीच "बघू" म्हणून टाळलंत.

हलगी_शिवाजीपेठ
फुकट मागितलं होतंस.

षड्ज_पंचम
४५ वर लावली. घोगरा आवाज बाईचा निघाला. ती बाई आहे हे मान्य. चार ठोक्यांना टाळी देऊन पाहिली, सम सापडते, तेही मान्य. परंतु सम सापडल्यावर पुढं घडत काहीच नाही. लय आहे, बढत नाही, म्हणजे टप्प्याटप्प्यानं फुलत जाणं नाही. आता ह्यावर भागाकार करा.

रंकाळा_चौपाटी
काका, बढत दुसऱ्या बाजूला आहे. एकच बाजू ऐकून निकाल दिलात.

षड्ज_पंचम
दुसरी बाजू ऐकायला आधी पहिलीतून उठावं लागतं.

बारावी_गल्ली
काका, दुपारी ऐका. शेजारी कुणी आजारी असेल तर विचारून ऐका.

लेथवाला_उद्यमनगर
डॉल्बीवाल्यांनी वेगळा धागा काढा. इथं प्लेटवर बोलू द्या.

चार_बेस_चार_टॉप
काढला मघाशीच. तिथं एक जण फिरकला न्हाई, सगळी इथंच शिव्या घालायला बसलीत.